फिकट प्रतीची उजळणी

उस्मानपुऱ्यात बोळाच्या तोंडाशी आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा बाय बाराचं. सकाळी पॉलिटेक्निकची पोरं, दुपारी आधार कार्डवाले, संध्याकाळी क्लासेसची गर्दी. संत एकनाथ रंगमंदिरात कार्यक्रम असला की 'काकू, पासची झेरॉक्स चालेल का हो आत?' असं भाबडेपणाने विचारणारेही येतात. १९ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लग्नपत्रिकांपासून फारकतीच्या कागदांपर्यंत सगळं मी काचेवर पालथं घातलंय.

यंदा परीक्षांच्या दिवसांत आमच्या लेकीने एक स्पायरल गठ्ठा माझ्यापुढे टाकला. इंग्रजीच्या वर्गाची चाचणी होती. भाग तीन: लिटररी टर्म्स, फिगर्स ऑफ स्पीच आणि ग्रीक मायथॉलॉजी. 'आई, दोनच रात्री आहेत. माझं पाठांतर घे.' मीसुद्धा बीएला इंग्रजी घेतलं होतं. दुसऱ्या वर्षाला लग्न ठरलं आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. त्यामुळे तिला वाटलं, आईला येत असेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. त्या दोन रात्रींत जे उमगलं ते लिहून ठेवतेय. कुणाला शिकवायची माझी पात्रता नाही, हेच त्यातलं पहिलं.

१. छापण्याचा आणि वाचण्याचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

तो गठ्ठा माझ्याच दुकानातला. कितीदा छापला याची मोजदाद नाही. कुठल्या पानावर तेलाचा डाग आहे, कुठल्या कोपऱ्यात कुणा मुलीने कंटाळून मोरपीस काढलंय, सगळं मला ठाऊक. अक्षर मात्र एक वाचलेलं नव्हतं. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत असं होत होत ती पानं धुक्यात गेल्यासारखी फिकी झालीत. त्यात एका पानाची उजवी कड कापली गेलीय. 'ऑक्सिमोरॉन'चा 'ऑक्सिमो' झालाय, आणि लेक इमानेइतबारे 'ऑक्सिमो म्हणजे परस्परविरोधी शब्दांची जोडी' असं घोकत होती. मी चिडून म्हटलं, 'कुणी गं हा कागद असा तिरपा ठेवला?' ती काही बोलली नाही. दुकानात मशीनवर उभी राहणारी मी एकटीच आहे. गंमत अशी की तो शब्द ग्रीकमधल्या 'धारदार' आणि 'बोथट' या दोन शब्दांचा मिळून झालाय. म्हणजे शहाणा-वेडा. १९ वर्षं ज्ञानाच्या ढिगात उभं राहून कोरडी राहिलेली बाई याला उदाहरण म्हणून चालावी. आणखी एक कबुली देऊन टाकते. सुरुवातीच्या वर्षांत परीक्षा आल्या की मी पोरांना 'मायक्रो' काढून द्यायचे, काडीपेटीत मावतील एवढ्या नोट्स. पुढे बंद केलं. तत्त्व आठवलं म्हणून नाही, ती बारीक अक्षरं जुळवताना डोळे दुखायला लागले म्हणून. शरम बरीच मागून आली.

२. अलंकार आपण आधी वापरतो, त्याचं नाव मागून कळतं.

लेक म्हणाली, 'मेटोनिमी म्हणजे एखाद्या गोष्टीऐवजी तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीचं नाव घेणं. उदाहरणार्थ, राजाऐवजी मुकुट.' मी म्हटलं, राजा कुठला आणायचा आता, आपलं काहीतरी सांग. तेवढ्यात आतून हे ओरडले, 'अगं, ते पॅनकार्ड परत आलं होतं का? आणि दुपारची स्पायरल पैसे न देताच गेली बघ!' आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. आमच्या दुकानात माणसं येतच नाहीत. पॅनकार्डं येतात, सातबारे येतात, 'ती मोठी बॅक-टू-बॅक' येते नि सुट्ट्यावरून भांडून जाते. आपल्या व्याकरणात याला शब्दाची लक्षणाशक्ती म्हणतात, शाळेत असताना मार्कांपुरती पाठ केली होती. इंग्रजीवाले यातही दोन खण पाडतात. भागाने संपूर्ण दाखवलं तर ती सिनेकडकी. 'दुकानात दोन हात कमी पडतात' हे ह्यांचं रोजचं वाक्य त्या खणात गेलं. हसून झाल्यावर मात्र जरा चुटपुट लागली. ते पॅनकार्डवाले गृहस्थ जाता-येता नमस्कार करतात. त्यांचं नाव मी चारदा छापलंय, एकदाही वाचलेलं नाही.

३. दोन भाषांचे खण एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत.

माझा समज असा की सिमिली म्हणजे उपमा आणि मेटाफर म्हणजे रूपक, झाली झेरॉक्स. मग मी ह्यांनी केलेला चहा उदाहरणाला घेतला. 'चहा उसाच्या रसासारखा गोड' ही उपमा. 'चहा म्हणजे जणू उसाचा रसच' ही उत्प्रेक्षा. 'उसाच्या रसाहून गोड' म्हटलं की व्यतिरेक, आणि 'हा चहा नव्हेच, उसाचा रस आहे' म्हटलं की अपन्हुती. एका कपात चार अलंकार निघाले! लेकीच्या गठ्ठ्यात पहिल्या दोन्हींना मिळून एकटी सिमिली होती, आणि पुढच्या दोघांसाठी वेगळी खोलीच नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात मोजून चार अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी ते शंभरापार नेले. आमच्या लोकांना मोजायची हौस जुनीच. हे चाललेलं ऐकत उर्दू शाळेतला एक पोरगा काउंटरला टेकून उभा होता. म्हणाला, 'आंटी, ये तो तश्बीह है. और मेटाफर को हमारे में इस्तिआरा बोलते.' अतिशयोक्तीला मुबालगा म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. ज्या शहरात सिराज औरंगाबादी गझला लिहून गेला, तिथल्या पोराला हे ठाऊक असणारच. नवल माझं, की १९ वर्षांत तीन भाषांचे कागद छापले आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली नाही.

४. नाव जेवढं अवघड, तेवढी गोष्ट सोपी असू शकते.

'ओनोमॅटोपिया'चं स्पेलिंग लेक सात वेळा चुकली. अर्थ सांगायला मात्र मशीन पुरलं: घर्र घर्र, खट्. ध्वनीवरून झालेला शब्द, बस. पण मग मी घोळ घातला. म्हटलं, लखलख? भांडं लखलखतं तेव्हा आवाज कुठे होतो? डोळे चुरचुरतात, ठेच ठणकते, नवं कातडं हुळहुळतं, चांदणी लुकलुकते. यातल्या कशालाच आवाज नाही, तरी शब्द आवाजाच्या घरातलेच वाटतात. इंग्रजीची व्याख्या कानापाशी थांबते. मराठी मात्र उजेडाला, स्पर्शाला, दुखण्यालासुद्धा नाद देते. लेक वैतागून म्हणाली, 'आई, हे पेपरात नाहीये.' तेवढ्यात लाइट गेली, मशीन थांबलं आणि बोळात शुकशुकाट झाला. काहीच ऐकू येत नाही हे सांगायलाही आपल्याकडे असा शब्द आहे, आणि त्याचाही कानाला आवाज येतो. हेही पेपरात नव्हतं.

५. अर्थ एकीकडून दुसरीकडे नेताना काहीतरी वाटेत सांडतंच.

मेटाफर या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'उचलून पलीकडे नेणं'. आजही ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या गाड्यांवर 'मेटाफोरेस' असं लिहिलेलं असतं. हे वाचल्यावर मला आम्ही भाड्याच्या खोलीतून इथे आलो तो टेम्पो आठवला. सगळं सामान पोचलं, लोणच्याची एक बरणी तेवढी फुटली. ॲरिस्टॉटल आपल्या काव्यशास्त्रात म्हणतो की रूपक साधणं दुसऱ्याकडून शिकता येत नाही, त्यासाठी वेगळ्या गोष्टींतलं सारखेपण दिसावं लागतं. त्या ग्रंथाचं मराठी विंदा करंदीकरांनी केलंय. लेकीचा प्रश्न साधा होता: मेटाफर आणि ॲलेगरी यात फरक काय? मला इंग्रजीतून सांगता येईना. मग विंचू आठवला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात मी विंचू होते, काळ्या मोज्यात कापूस भरून शेपूट केलेलं. विंचू म्हणजे काम-क्रोध, त्याचं विष सत्त्वगुणाने उतरतं, अशी सगळी गोष्टच दुसऱ्या गोष्टीचा पोशाख घालून येते. ती ॲलेगरी. सोळाव्या शतकात पैठणच्या नाथांनी हे बायाबापड्यांना कळेल असं सांगून ठेवलं. त्यांच्या नावाचं रंगमंदिर आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी उत्तर शोधत होते फिकट पानात. त्या वयात मला विंचवाचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. मी आपली शेपूट सांभाळत होते.

६. एकदा चुकलेली प्रत शेकडो वर्षं चालू शकते.

ग्रीक पुराणांचा भाग सुरू झाला तो पँडोराच्या पेटीने. देवांनी घडवलेली पहिली बाई, तिने झाकण उघडलं आणि रोगराई, दुःखं, सगळी पीडा जगभर उधळली. आत उरली ती फक्त आशा. पण मूळ गोष्टीत पेटी नव्हतीच. हेसिअड नावाच्या प्राचीन ग्रीक कवीने ज्याला 'पिथोस' म्हटलं ते धान्य-तेल साठवायचं भलं मोठं मातीचं भांडं. म्हणजे सरळ आपला रांजण! सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच पंडिताने गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना 'पिथोस'चं 'पिक्सिस' केलं, म्हणजे डबी. तेव्हापासून सगळं जग पेटी म्हणतंय. एवढ्या मोठ्या विद्वानाचाही कागद तिरपा पडतो, हे वाचून मला अंमळ बरं वाटलं. पण रांजण म्हटल्याबरोबर गोष्ट एकदम घरात आली. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. घरात ड्रम, टाक्या, पिंप, कळश्या, आणि प्रत्येकावर झाकण. झाकण उघडं टाकणाऱ्याला आमच्याकडे जी बोलणी बसतात ती पँडोरालाही बसली नसतील. डास होतात, पाणी वास मारतं. आणि तळाशी उरलेल्या चार इंच पाण्याकडे बघत 'उद्या येईल' म्हणणारी आशाही तिथेच असते. पेटीतल्या पँडोराची मला कधी कणव आली नव्हती. रांजणाशी उभी असलेली ती मला ओळखीची वाटली.

७. 'हे आपल्याकडेही आहे' ही एक सवय आहे, आणि ती वाईट खोडीत बदलू शकते.

झूस म्हटलं की मी म्हणायचे 'आपला इंद्र'. स्टिक्स म्हटलं की 'आपली वैतरणी'. अकिलिस आल्यावर मी उडीच मारली: 'हा तर दुर्योधन!' याला आईने, थेटिसने, स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केलं, फक्त टाच राहिली. त्याला गांधारीने डोळ्यांची पट्टी सोडून नजरेने वज्राचं केलं, फक्त मांडी राहिली. लेक थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'आई, पण हे उलटं आहे. अकिलिसची टाच कच्ची राहिली, कारण आईने तिथेच धरलं होतं. दुर्योधनाची मांडी कच्ची राहिली, कारण आईची नजर तिथे पोचली नाही.' मी हातातला कप खाली ठेवला. एवढी वर्षं दोन्ही गोष्टी ऐकल्या, पण साम्य दिसलं म्हणून पुढे बघितलंच नव्हतं. एकाला आईच्या हाताने कमकुवत केलं, दुसऱ्याला आईच्या नजरेआड राहिलेल्या जागेने. आई झालेल्या कुणालाही या दोन्ही गोष्टींची एकदमच भीती वाटेल. आणखी गंमत म्हणजे दोन्ही कथा मूळ महाकाव्यांत नाहीत. टाचेची गोष्ट होमरच्या इलियडमध्ये नाही, ती पहिल्या शतकातल्या स्टेशिअस या रोमन कवीकडे सापडते. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची जी संशोधित आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात गांधारीचा हा प्रसंग नाही. लोकांनी मागाहून जोडलंय. मला वाटतं, दोन्हीकडच्या आयांनीच जोडलं असणार.

८. ज्यांना परके समजून पाठ करतो, ते आपल्या अंगणात येऊन गेलेले असतात.

पहिल्या शतकाच्या आसपास ग्रीक भाषेत एक दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा माहितीग्रंथ लिहिला गेला, 'पेरिप्लस'. त्यात आपलं पैठण आहे! भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांनी बंदरावर जायचं. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटीशी काशाची मूर्ती निघाली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी येऊन राहिला होता, आणि आम्ही त्याचं स्पेलिंग घोकतोय. शब्द तर घरातच आहेत. ज्योतिषी ज्याला होरा म्हणतात तो ग्रीक, केंद्र ग्रीक, दामदुपटीतला दाम ग्रीक द्राख्माचा वंशज. आणि सुरुंग! सिरिंक्स ही एक वनकन्या. पॅन देव मागे लागला तेव्हा ती बोरू होऊन नदीकाठी उभी राहिली, आणि त्याने तिचीच बासरी केली. ग्रीकात सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, आणि भुयारसुद्धा. अभ्यासक सांगतात, त्यावरूनच संस्कृतात 'सुरुंगा' आला. लाक्षागृहातून पांडव निसटले ते त्या वाटेने. मराठीत येईपर्यंत भुयाराचा दारूगोळा झाला. विहीर खोदताना सुरुंग लावणाऱ्या माझ्या आजोबांना कुणी सांगितलं असतं की ही पळून गेलेली पोरगी आहे, तर ते म्हणाले असते, 'आवाजावरून वाटत नाही.'

९. दुसऱ्याला घडवायला निघालेला माणूस पहिल्यांदा स्वतः हास्यास्पद होतो.

पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार. त्याने हस्तिदंताची मूर्ती घडवली, तिच्याच प्रेमात पडला, आणि देवीने तिच्यात प्राण भरला. लेक म्हणाली, 'ही गोष्ट तर एकदम अनोळखी आहे.' अनोळखी? बर्नार्ड शॉने यावरून 'पिग्मॅलियन' नाटक लिहिलं, आणि त्यावरून पु. लं.नी १९७५ साली 'ती फुलराणी' आणलं. त्यातली भक्ती बर्वेंची मंजुळा माझ्या आईला तोंडपाठ होती. म्हणजे एक ग्रीक पुराणकथा आमच्या माजघरात नऊवारी नेसून वावरत होती. हे सांगताना मी फार खुशीत आले. लेकीला म्हटलं, उच्चार नीट कर, पाठ ताठ ठेव, उत्तर असं लिही, समास एवढा सोड. ती शांतपणे म्हणाली, 'आई, या गोष्टीत तू मंजुळेला घडवणारा प्रोफेसर आहेस, कळलं का?' मी समासाचा विषय सोडून दिला.

१०. साम्य पुसून टाकतं ते कधीकधी फरकच परत देतो.

दुसऱ्या रात्री बारा वाजता डिमीटर आली. धान्याची देवी. तिची लेक पर्सेफनी फुलं वेचत होती, पाताळाच्या राजाने, हेडीसने, पळवून नेली. झूसने, म्हणजे तिच्या बापानेच, संमती दिलेली. आईला विचारलंच नव्हतं. लेक परत मिळाली खरी, पण तिथे तिने डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली राहावं लागतं. ती खाली गेली की जमीन उजाड, वर आली की हिरवी. माझ्या तोंडात शब्द तयारच होते: 'ही तर आपली गौरी!' आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. तीन दिवस माहेर: एक दिवस येण्याचा, एक जेवणाचा, एक जाण्याचा. पण आदल्या रात्रीचा अकिलिस आठवला आणि मी थांबले. म्हटलं, फरक बघू. फरक असा की डिमीटर रुसली नाही, तिने संप केला. एकही बी उगवू देणार नाही म्हणाली. माणसं उपाशी मरायला लागली, देवांचे नैवेद्य बंद झाले, तेव्हा कुठे झूसचं आसन हललं आणि पाताळात दूत गेला. आपल्याकडे गौर जाताना कुणी जमीन नांगरायचं थांबत नाही. आपण दहीभाताची शिदोरी देतो, अक्षता टाकतो, आणि 'पुढच्या वर्षी ये' म्हणतो. त्यातही मोठी माया आहे, नाही असं नाही. पण माझं तिसरं वर्ष सुटलं तेव्हा माझ्या आईने हीच शिदोरी बांधली होती. ती चुकली असं मी म्हणत नाही. तिला संप करता येतो हे तिच्या कुठल्याच पोथीत नव्हतं. माझी पुस्तकं तिने पुढे बरीच वर्षं माळ्यावर गाठोड्यात ठेवली होती, एवढं मला आठवतं. वाळवी लागली तेव्हा मला कळवलं नाही, नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं. लेकीने विचारलं, 'आई, डोळ्यांना काय झालं?' मी म्हटलं, चुरचुरतायत.

११. काही गोष्टींना उपमाच मिळत नाही, आणि त्यासाठीही एक अलंकार आहे.

उपमेयाला दुसरी कशाचीच जोड सापडेना, म्हणून त्याची उपमा त्यालाच दिली की अनन्वय होतो. आईसारखी आई, नाथसागरासारखा नाथसागर. लेकीच्या गठ्ठ्यात याला नावच नव्हतं. मी तिला सांगितलं, तिने समासात लिहून घेतलं. दोन रात्री मी तिच्यात सारखी एक जुनी मुलगी शोधत होते, बीएच्या दुसऱ्या वर्षातली, गठ्ठा छातीशी धरून चालणारी. पण ती मुलगी वर्गात हात वर करायला घाबरायची, आणि ही आईच्या तोंडावर 'उलटं आहे' म्हणते. सकाळी ती स्कूटीवर बसली तेव्हा मी 'ऑल द बेस्ट' म्हटलं, आणि पुढचं सगळं गिळलं. संध्याकाळी आली ती हसतच. मेटोनिमीच्या उदाहरणात मुकुट न लिहिता 'पॅनकार्ड परत आलं होतं' असं लिहून आली होती, इंग्रजीत, खाली स्पष्टीकरण देऊन. मार्क मिळाले का, ते अजून कळायचंय.

ती जेवायला बसली आणि मी तो मूळ गठ्ठा काउंटरवर काढला. फिकी पडलेली अक्षरं काळ्या पेनाने गिरवली. कापलेल्या कडेला 'ऑक्सिमो'पुढे राहिलेली अक्षरं लिहिली. पँडोराच्या पानावर 'पेटी नव्हे, रांजण' अशी बारीक टीप टाकली. तेवढ्यात नमस्कार करत ते गृहस्थ आले, पॅनकार्डच्या दोन प्रती हव्या होत्या. काचेवर ठेवण्याआधी मी कार्ड सुलटं धरलं आणि त्यांचं नाव वाचलं. कागद सरळ लावला, झाकण टाकलं आणि बटण दाबलं.